लांब मेथड तोडताना या चुका टाळा

बिल तयार करणारी, जावा या प्रोग्रामिंग भाषेतील दोनशे ओळींची मेथड (नाव दिलेला कोडचा तुकडा) समोर आली की ती लहान मेथडमध्ये तोडावी असे कोणालाही वाटते. मात्र ती कोठे तोडायची हे अनेकदा ओळी मोजून ठरवले जाते आणि पहिली चूक तेथेच होते. कोड तपासणाऱ्या साधनांपैकी रूबी भाषेसाठीचे रुबोकॉप मूळ सेटिंगमध्ये 10 ओळींपुढच्या मेथडवर आक्षेप घेते, तर जावासाठीचे चेकस्टाइल 150 ओळींपर्यंत गप्प राहते, यावरून या मोजणीला किती महत्त्व द्यायचे ते ठरवावे. करआकारणी, सवलत आणि बिल क्रमांक देणे ही वेगवेगळी कामे आहेत, तेव्हा तोड त्यांच्या सांध्यावरच पडली पाहिजे. एखाद्या तुकड्याला ‘प्रोसेस डेटा’ किंवा ‘स्टेप टू’ यापेक्षा नेमके नाव सुचत नसेल, तर तो बहुधा चुकीच्या जागी कापलेला असतो. नावासाठी अडून न बसता तो मूळ मेथडमध्ये परत ठेवावा आणि सीमा बदलून पाहावी. ‘गेट टोटल’ नावाची मेथड जाता जाता डेटाबेसमध्ये नोंदही करत असेल, तर ते नाव फसवे आहे.

हाताने कट-पेस्ट करताना मधला रिटर्न (मेथड तेथेच संपवणारी आज्ञा) घात करतो. बिल रद्द असल्यास मूळ मेथड तेथेच संपत होती. तोच रिटर्न लहान मेथडमध्ये गेल्यावर फक्त ती संपते, पुढचा कोड चालू राहतो आणि रद्द झालेले बिल ग्राहकाला ईमेलने जाते. इंटेलिजे किंवा इक्लिप्स या कोड लिहिण्याच्या साधनांमधील ‘एक्स्ट्रॅक्ट मेथड’ ही सोय असे बहुतेक प्रसंग ओळखते, म्हणून तीच वापरावी.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र स्थानिक, म्हणजे त्या मेथडपुरत्याच असलेल्या, व्हेरिएबलची आहे. कापलेल्या तुकड्यातून एकूण रक्कम आणि कर अशा दोन किमती बाहेर हव्या असतात, जावाची मेथड एकच किंमत परत देते, आणि मग सोय म्हणून दोन्ही व्हेरिएबल क्लासचे फील्ड (मेथड संपल्यावरही ऑब्जेक्टमध्ये टिकणारे) केले जातात. कोड छान दिसतो, चाचण्याही उत्तीर्ण होतात. परंतु स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कमधील बीन (स्प्रिंगने सांभाळलेले ऑब्जेक्ट) मुळात सिंगलटन, म्हणजे सर्वांसाठी एकच, असल्यामुळे ते फील्ड एकाच वेळी चालणाऱ्या सर्व विनंत्यांमध्ये सामायिक होते, आणि गर्दीच्या वेळी एका ग्राहकाची रक्कम दुसऱ्याच्या बिलावर उमटू शकते. हा दोष विकसकाच्या संगणकावर सहसा दिसत नाही, कारण तेथे एका वेळी एकच विनंती येते. त्यावर उपाय साधा आहे: दोन्ही किमती एका लहान रेकॉर्डमध्ये (फक्त किमती धरून ठेवणाऱ्या क्लासमध्ये) भरून परत द्याव्यात, जावा 16 पासून त्यासाठी एक ओळ पुरते.

स्प्रिंगमध्येच आणखी एक सापळा आहे. ‘ट्रान्झॅक्शनल’ (डेटाबेसमधील नोंदी सर्व एकत्र किंवा एकही नाही अशा करा, असे सांगणारी खूण) हे अ‍ॅनोटेशन बाहेरच्या मेथडवरून काढून नव्या लहान मेथडवर ठेवले आणि तिला त्याच क्लासमधून हाक मारली, तर ती हाक प्रॉक्सीला, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू करणाऱ्या मधल्या ऑब्जेक्टला, वळसा घालून जाते. ट्रान्झॅक्शन सुरू होत नाही आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. अर्धवट नोंदी दिसू लागल्यास प्रथम हेच तपासावे. अ‍ॅनोटेशन बाहेरच्या पब्लिक मेथडवर राहू द्यावे किंवा तो तुकडा स्वतंत्र बीनमध्ये हलवावा.

या कामात आढळलेला जुना दोष त्याच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांच्या संचात) दुरुस्त करू नये. तोडण्यापूर्वीचे निकाल, चुकीचे असले तरी, चाचणीत तसेच पकडून ठेवावेत, आणि दुरुस्तीचा कमिट वेगळा करावा. नाहीतर बिलाची रक्कम बदलली ती दुरुस्तीमुळे की तोडण्यामुळे, हे पुनरावलोकन करणाऱ्याला कळणार नाही.