छोट्या बोटीची ट्रोलिंग मोटर आणि कव्हर

ट्रोलिंग मोटर म्हणजे बोट हळूहळू चालवणारी छोटी विजेची मोटर. ती घेताना बोटीचं रिकामं वजन धरू नका. माणसं, बॅटरी, गळांची पेटी, सगळं मोजा. दर 45 किलोमागे 2 पाउंड थ्रस्ट (मोटरचा ढकलण्याचा जोर), हा ढोबळ हिशोब. माझी 14 फुटी बोट भरून 450 किलो होते, म्हणजे कागदावर 20 पाउंड पुरे. पण समोरून वारा आला की बोट जागची हलेना! आता 45 पाउंड थ्रस्टची मोटर आहे. तिला 12 व्होल्टची एक बॅटरी पुरते, मात्र डीप सायकलच (बराच वेळ वीज देत खोलवर उतरली तरी टिकणारी) हवी. गाडीची बॅटरी अशा वापरात लवकर मरते.

दांड्याची लांबी बघायला लोक हमखास विसरतात. मोटरचा मध्य पाण्याखाली फूटभर तरी हवा. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसवणार असाल तर अर्धा फूट जास्तच घ्या, कारण लाटेवर नाळ उचलली की पंखा नुसता हवेत घरघरतो.

बोटीचं कव्हर 600 डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिस्टरचं, हवेला झडपा असलेलं बघा. बोटीची लांबी टोकापासून टोकापर्यंत सरळ मोजा, कडेच्या वळणावरून नको. आणि मधे आधाराचा खांब लावाच. मी आळस केला. एका रात्रीच्या पावसात कव्हरवर पखालभर पाणी साचलं आणि सकाळी शिवण उसवलेली.