सुती कापडाची अग्निरोधक प्रक्रिया का फसते? या चुका टाळा

प्रक्रिया केलेले सुती कापड चाचणीत भरभर पेटले की पहिला संशय रसायनावर घेतला जातो. दोष मात्र बहुधा आधीच्या तयारीत किंवा नंतरच्या धुण्यात सापडतो. ताण्याला (उभ्या धाग्यांना) लावलेली खळ आणि कापसातले नैसर्गिक मेण पुरते निघाले नसेल, तर द्रावण धाग्यात न मुरता वरच्यावर वाळते. म्हणून कोऱ्या मांजरपाटावर आधी पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो मोत्यासारखा उभा राहिला, तर कापड अजून तयार नाही.

पडद्यांसाठी आणि मांडवाच्या कापडासाठी टाकणखार (बोरॅक्स) व बोरिक आम्ल 7:3 या प्रमाणात वापरण्याची जुनी रीत आहे. बोरिक आम्ल वगळल्यास ज्योत विझते, पण कापड धुमसत राहते. हिशेबाची चूक याहून सर्रास होते. 20 टक्के घन पदार्थ असलेले द्रावण 100 किलो कापडाने 70 किलो शोषले, तर 14 किलो घन पदार्थ त्यावर बसतो. भिजलेले कापड पिळणाऱ्या रोलरचा दाब वाढून शोषण 50 किलोवर आले, की तोच आकडा 10 किलो होतो. शिवाय साध्या टाकणखाराच्या वजनात सुमारे 47 टक्के स्फटिकजल (स्फटिकात बांधलेले पाणी) असते, हे द्रावण बनवताना विसरले जाते. हे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे भाद्रपदातल्या पावसात एकदा भिजलेला मांडव पुन्हा प्रक्रिया केल्याशिवाय सुरक्षित मानू नये.

धुण्यात टिकणाऱ्या फॉस्फरसयुक्त प्रक्रियांपैकी ज्या प्रकारात आम्ल उत्प्रेरक वापरून कापड साधारण 150 ते 160 अंश सेल्सिअसला भाजतात, तिथे तापमान कमी पडल्यास रसायन पहिल्या धुण्यातच निघून जाते आणि जास्त झाल्यास कापडाची ताकद घटते. भाजल्यानंतर सोडा अॅशने आम्ल मारून कापड लगेच धुवावे लागते; तसे न करता थप्पी लावून ठेवलेला माल आम्लामुळे हळूहळू कुजका होतो. घाईच्या ऑर्डरमध्ये नेमकी हीच पायरी उद्यावर ढकलली जाते.

ग्राहकाला धुण्याची लेखी सूचना न देणे हीसुद्धा उत्पादकाचीच चूक आहे. बोअरवेलच्या जड पाण्यात साबण वापरल्यास धाग्यांवर चुन्याच्या साबणाचा थर साचतो, जो स्वतःच जळतो; त्यामुळे मऊ पाणी आणि डिटर्जंट वापरावे, क्लोरीन ब्लीच टाळावे.

टेरीकॉटला (पॉलिस्टर आणि सुताच्या मिश्र कापडाला) सुतीचेच सूत्र लावू नये, कारण वितळलेले पॉलिस्टर जळक्या सुताच्या सांगाड्यावर दिव्यातल्या तेलासारखे धरून राहते.

चाचणीचे नमुने कापडाच्या दोन्ही काठांतून आणि मधूनही घ्यावेत, कारण रोलरचा दाब सगळीकडे सारखा नसतो. तसेच ते ठरवलेल्या आर्द्रतेला आणूनच तपासावेत. दमट नमुना उगाचच चांगला निकाल देतो.