पुन्हा बेचाळीस: पन्नाशीत मॅरेथॉनकडे परतताना

हे नवशिक्यांसाठी नाही. तिशीत दोन-चार मॅरेथॉन केल्या, मग नोकरी, मुलांची दहावी-बारावी, घरातली आजारपणं यांत पळणं सुटलं, आणि आता पुन्हा बेचाळीस किलोमीटर करावेसे वाटतात, अशांसाठी आहे. मी त्यांतलीच. वय त्रेपन्न, मुक्काम पुणे. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन धरून सगळा हिशेब मांडते आहे. तुमची स्पर्धा वेगळी असेल तर महिने सरकवून घ्या.

नवशिक्याला काही माहीत नसतं, म्हणून तो सांगितलेलं ऐकतो. आपल्याला सगळं माहीत असतं, पण ते वीस वर्षांपूर्वीच्या शरीराबद्दल. तेव्हा पहिलं काम म्हणजे जुनं सर्टिफिकेट कपाटात ठेवा आणि त्यावरचं टायमिंग ग्रुपवर सांगू नका. एकदा सांगितलं की लोक ते लक्षात ठेवतात आणि दर रविवारी त्याची आठवण करून देतात.

दुसरं काम डॉक्टर. रक्तदाब, साखर, ईसीजी, आणि त्यांनी सांगितली तर ट्रेडमिलवर पळवून हृदय तपासणारी स्ट्रेस टेस्ट. बायकांनी हिमोग्लोबिनवर समाधान मानू नये, फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्यावं. पाळी थांबल्यानंतरच्या काही वर्षांत हाडांची घनता वेगाने उतरते, म्हणून ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या तपासणीबद्दलही विचारा. ‘या वयात कशाला?’ असं विचारणारे डॉक्टर भेटले, तर पळणाऱ्यांना तपासणारे दुसरे शोधा.

आता मुख्य गोष्ट. दम आधी परत येतो आणि पाय मागाहून येतात. नियमित पळायला लागलं की काही आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं, आणि पूर्वी कमावलेले स्नायू कोऱ्या स्नायूंपेक्षा लवकर तयार होतात. कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) आणि हाडं मात्र महिने घेतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आपली अवस्था एसटीच्या जुन्या सांगाड्यात नवं इंजिन बसवल्यासारखी होते. श्वास म्हणतो चल, आणि टाचेमागची कंडरा, नडगी किंवा पावलाची हाडं बोलायला लागतात. परतलेल्या जुन्या खेळाडूंची दुखणी बहुतेक याच काळातली असतात. या दिवसांत ‘आज छान वाटतंय’ म्हणून अंतर वाढवू नका. ठरलेलंच पळा आणि घरी जा.

पोटरीला आतापासूनच कामाला लावा. जिन्याच्या पायरीवर पावलाचा पुढचा भाग टेकवून टाच वर, मग सावकाश पायरीच्या खाली. आधी दोन्ही पायांवर, जमलं की एकेका पायावर, पंधराचे तीन संच. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण वाकवल्यावर आतल्या स्नायूवर जास्त भार येतो आणि लांब पळताना तोच जास्त राबतो. एका पायावर सलग वीस होत नसतील, तर वेगाच्या सरावाचा विचारही नको. सोबत खुर्चीवरून एका पायावर उठणं-बसणं ठेवा. जिम लावलीत तर उत्तमच, पण बिल्डिंगचा जिना फुकट आहे.

एप्रिल-मे महिन्यांत अर्धा तास पळणं-चालणं, आठवड्यातून तीन-चार दिवस. पावसाळ्यात अंतर हळूहळू वाढवा. टेकडीवर शेवाळ असतं तेव्हा वेताळ टेकडीचा मोह सोडून सरळ रस्ता धरा. तीन आठवडे थोडं थोडं वाढवायचं आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचं. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पंधरा किलोमीटर हसतखेळत होत असतील, तर तिथून पुढचे अठरा आठवडे खऱ्या तयारीचे. दिवाळी मधेच येते. फराळाबद्दल मी काही बोलणार नाही, पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री जागरण करून सकाळी लाँग रन करू नका.

तिशीत आठवड्यातून दोनदा जोरात पळून रविवारी लांब जाता येत होतं. आता एक जोराचा दिवस आणि एक लांबचा, बाकी सगळं सावकाश. सावकाश म्हणजे किती? मोठ्याने रामरक्षा म्हणता आली पाहिजे, ओळ मधे न तोडता. घड्याळातला हृदयाचा आकडा पाहणाऱ्यांसाठी: मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती, याचं २२० वजा वय हे सूत्र ढोबळ आहे, त्यापेक्षा २०८ वजा वयाच्या ७० टक्के हे बरं. माझ्या वयाला कमाल १७१ येते. तोही सरासरीचाच अंदाज, रामरक्षेवर माझा जास्त विश्वास.

लक्ष्य कसं ठरवायचं? नोव्हेंबरच्या सुमारास दहा किलोमीटर मनापासून पळा. अंतराच्या गुणोत्तराचा (४२.२ भागिले १०) १.०६ वा घात घेऊन त्या वेळेला गुणायचं, असं पीटर रीगल यांचं जुनं सूत्र आहे. दहा किलोमीटर एका तासात झाले, तर मॅरेथॉन चार तास छत्तीस मिनिटांची येते. पण हे पाय पूर्ण तयार असतील तर. परतणाऱ्यांनी त्यात पंधरा-वीस मिनिटं खुशाल घालावीत.

लाँग रन अठ्ठावीस ते तीस किलोमीटरपर्यंत नेला की पुरे, तोही दोन-तीनदा, आणि शेवटचा स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. साडेतीन तासांच्या पुढे सराव ओढू नका. त्यानंतर मिळतं त्यापेक्षा झिजतं जास्त. खडकवासल्याच्या बाजूला जात असाल तर अंधारात निघा आणि गाडीच्या उजेडात चमकणारं जाकीट घाला. मधूनमधून चढ-उतार हवेतच, विशेषतः उतार, कारण उतरताना मांड्यांचा खरा कस लागतो.

खाणं हा सरावाचाच भाग आहे. शरीरातला साखरेचा साठा साधारण तिशीच्या किलोमीटरला आटतो, हे तुम्हाला आठवत असेलच. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात: पळताना चोखायच्या एका एनर्जी जेलच्या पाकिटात वीस-पंचवीस ग्रॅम, मध्यम केळ्यात जवळपास तेवढीच. जेल न पचणाऱ्यांनी खजूर किंवा मीठ लावलेला उकडलेला बटाटा करून पाहावा. शेंगदाण्याची चिक्की चवीला छान, पण तेलामुळे पोटात रेंगाळते. जे स्पर्धेत खाणार तेच प्रत्येक लाँग रनला खा. आदल्या रात्री साधा वरण-भात. हॉटेलची थाळी दुसऱ्या दिवशी.

माळ्यावरचे जुने बूट कितीही नवे दिसले तरी काढू नका. फोम कडक झालेला असतो, डिंक सुटतो. मधल्या काळात बूट फार बदलले. २०१७ नंतर तळव्यात कार्बनची पट्टी (प्लेट) असलेले आले आणि ३-४ सेंटिमीटरचे तळवे रस्त्यावर दिसू लागले. ते रोजच्या सरावाला नकोत. पोटरी आणि पाऊल तयार होईपर्यंत साधा, पुरेसा मऊ बूट बरा. माप पुन्हा घ्या, संध्याकाळी, पळायचे मोजे घालून. वयाबरोबर पावलं पसरतात.

पुणेकरांनो, आपली जानेवारीची कोरडी थंडी मुंबईत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतं आणि तोच वेग जड जातो. किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद सुरुवातीलाच सोडून द्या. पाणी किती प्यायचं, तर लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर गेलं. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं, आणि हे जास्त धोक्याचं, कारण रक्तातलं सोडियम पातळ होतं.

पेडर रोडचा चढ वर्षानुवर्षे परतीच्या वाटेवर, पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे येत आला आहे. मार्ग बदलतो, म्हणून त्या वर्षीचा नकाशा पाहा. चढावर चालायचं आधीच ठरवून ठेवा. पळून-चालून मॅरेथॉन करण्याची जेफ गॅलोवे यांची पद्धत तर पहिल्या किलोमीटरपासूनच चालायला सांगते, आणि गॅलोवे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले. तेव्हा कमीपणा नाही. दुखण्याने चाल बदलली, लंगडायला लागलात, तर मात्र वैद्यकीय मदतकेंद्रावर थांबा.

नंतर दोन आठवडे पळू नका. चाला. शर्यत संपते तिथूनच पुण्याच्या गाड्या सुटतात. डेक्कन क्वीनचं आरक्षण आधी करा, मधल्या वाटेलगतची सीट मागा, आणि लोणावळ्यापर्यंत दोन-तीनदा तरी उठून डब्यात फेऱ्या मारा.