सघन कपाशीत वाढनियंत्रक केव्हा फवारावे

विदर्भातील हलक्या जमिनीत कपाशी 90 × 15 सें.मी. अंतरावर लावली, तर हेक्टरी सुमारे 74,000 झाडे बसतात. मात्र एवढ्या दाटीत झाडे उंच गेली की खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि पात्यांची (फुलकळ्यांची) गळ वाढते. मेपिक्वॅट क्लोराइड हे वाढनियंत्रक झाडातील जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाची निर्मिती रोखत असल्यामुळे पेरे (खोडावरील दोन गाठींमधील भाग) आखूड राहतात. पाते लागताना, पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी, शेंड्याकडील चार-पाच पेरांवर पट्टी लावून पाहावी. पेराची सरासरी लांबी 5 सें.मी.पेक्षा जास्त भरली आणि जमिनीत पुरेशी ओल असली, तरच लेबलवरील मात्रेनुसार फवारावे. पावसाच्या खंडात सुकू लागलेल्या कपाशीवर ते कदापि फवारू नये, कारण आधीच थांबलेली वाढ त्यामुळे आणखी खुंटते.