पित्ताशयात खडे आहेत? मग या चुका टाळा

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे. "पित्ताचा खडा आहे, काहीतरी द्या," म्हणत कुणी ना कुणी येतंच. मी आधी विचारते, सोनोग्राफी केलीत का? नुसत्या अ‍ॅसिडिटीलाही आपण पित्तच म्हणतो.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो लिंबू-ऑलिव्ह तेलाच्या उपायाने. गेल्या मे महिन्यात कळव्याचे एक काका फ्रिजमधली डबी घेऊन आले. रात्री पेलाभर तेल-लिंबू प्यायले, सकाळी हिरवे गोळे पडले. "ताई, सतरा खडे निघाले!" ऑपरेशनची तारीखही रद्द करून बसले होते. बोलता बोलता उकाड्याने गोळे काउंटरवर चिकट झाले. एक काडीने दाबला, तर लोण्यासारखा चपटा. खरा खडा असा दबत नाही. पोटात गेलेल्या तेलाचाच तो साबण. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशाच गोळ्यांची तपासणी छापून आली होती : खऱ्या खड्यात असतं ते कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं रंगद्रव्य) नाही, ४० अंशांना १० मिनिटांत वितळले. काकांना हात जोडून पुन्हा सोनोग्राफीला पाठवलं. खडे जागच्या जागी होते.

दुसरी चूक कुरकुमिनच्या कॅप्सूलची. हळदीतलं हे द्रव्य पित्ताशय आकसवतं. १९९९ मध्ये छापलेल्या प्रयोगात निरोगी माणसांना २० मिलिग्रॅम पुरलं. कॅप्सूल असते ५०० ची, वर शोषण वाढवायला मिरीतलं पायपरिन. आत खडा असताना पित्ताशय पिळलं, तर तो नळीत अडकू शकतो. मग कावीळ, स्वादुपिंडाला सूज. आमटीतली हळद खुशाल खा. कुटकी ही कडू औषधी मुळीही पित्त वाहतं करणारी. खडे असताना वैद्यांना विचारल्याशिवाय नको.

पानफुटी, पाषाणभेद मुतखड्यासाठी देतात. पित्ताचा खडा बहुधा कोलेस्टेरॉलचा, लघवीवाटे तो येणारच नाही.

कुटकीची तयार पूड घेऊ नका. मी अख्खी मुळी मोडून जिभेला लावते. कडू लागून तोंड वाकडं झालं नाही, तर माल परत.

"आठ दिवसांत विरघळेल ना?" नाही. डॉक्टरांची अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची गोळीसुद्धा कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांना महिनोन्‌महिने घेते, आणि सगळेच विरघळतात असंही नाही. घाई असणाऱ्यांना मी पुडी बांधतच नाही.

उजव्या बरगडीखाली न थांबणारी कळ, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं की मी तराजूला हात लावत नाही. नाक्यावरची रिक्षा थांबवते आणि थेट हॉस्पिटलला पाठवते.