कुमार-कादंबरीतले अवघड शब्द कसे शिकावेत

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत सातवी-आठवीची काही मुले शनिवारी एकत्र बसून मराठी कादंबरी वाचतात. ‘आजोबा सोप्यात बसून सुपारी कातरत होते’ हे वाक्य आले, तेव्हा एकीने विचारले, ‘‘काकू, सुपारी कातरणं सोपं असतं का?’’ कोल्हापूर-साताऱ्याकडच्या घरातला सोपा, म्हणजे दर्शनी ओसरी, तिने कधी पाहिलीच नव्हती.

प्रकरण प्रथम न अडखळता वाचावे आणि अडलेल्या शब्दाखाली फक्त पेन्सिलीची रेघ मारावी. प्रत्येक शब्दाला कोश उघडणाऱ्या मुलाची गोष्ट हातची निसटते आणि शब्दही राहत नाही. वाचून झाल्यावर त्यांतले पाच-सहाच शब्द निवडावेत.

त्यानंतर शब्दाचे मूळ रूप शोधावे, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. ‘सोप्यात’ कोशात सापडत नाही, ‘सोपा’ सापडतो. ‘शिंक्यावरून’चे मूळ ‘शिंके’ (भांडी अधांतरी टांगायची दोरीची जाळी) आहे, त्याचा नाकातून येणाऱ्या शिंकेशी काहीही संबंध नाही. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय काढून सामान्यरूप मागे न्यायचे, हे व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणे वाटणारे काम इथे उपयोगी पडते. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती, 1857) सोयीचा वाटतो, कारण त्यात अर्थ इंग्रजीत दिले आहेत. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ मराठीतूनच अर्थ सांगतो. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. तरीही मुलांना एकदा 1893 साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात न्यावे, असे मला वाटते. जाडजूड कोश चाळताना शेजारचे चार शब्द फुकट मिळतात.

वस्तूंचे शब्द व्याख्येने शिकू नयेत, त्यांचे चित्र काढावे. अंगण, ओटी, माजघर, परसू असा कोकणी घराचा नकाशा आमच्या मुलांनी वहीत काढला आणि बाजूला पडवी जोडली, तेव्हा कथेतला मुलगा रात्री कुठून कुठे पळाला हे त्यांना उमगले.

भावनांच्या शब्दांना मात्र प्रसंग लागतो. ‘ओशाळणे’ आणि ‘वरमणे’ या दोन्हींचा अर्थ ‘लाजणे’ असा लिहून ठेवला, तर फरक हरवतो. मित्राचा डबा चोरून खाताना सापडलेला मुलगा ओशाळतो. तावातावाने भांडता भांडता स्वतःचीच चूक लक्षात आलेला वरमतो. आणि येऊरची सहल ऐनवेळी रद्द झाली की हिरमुसतो. असा प्रसंग प्रत्येकाने स्वतःचाच लिहावा, कारण उसने वाक्य फार टिकत नाही.

वहीच्या डाव्या बाजूला शब्द व उजवीकडे चित्र किंवा प्रसंग ठेवून, उजवी बाजू झाकून दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने स्वतःची परीक्षा घ्यावी. तिन्ही वेळा चुकलेला शब्द पुन्हा घोकू नये. त्याचा प्रसंग बदलून पाहावा.