सायकल, सी आणि ड्रॉइंग शीट : इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष

मी इलेक्ट्रॉनिक्सचा, फर्स्ट इयर आता संपत आलंय. घरात आधी कुणी इंजिनिअर नाही. बारावीपर्यंत गणित बरं होतं, प्रोग्रामिंगचा गंध नव्हता आणि आवड म्हणाल तर सायकल खोलून परत जोडण्याची.

‘ब्रँचचं काहीच शिकवत नाहीत’ ही पहिल्या वर्षाची ठरलेली तक्रार. खरीच आहे. गणित, फिजिक्स, मेकॅनिक्स, ग्राफिक्स (म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंग), सी ही प्रोग्रामिंगची भाषा, बेसिक इलेक्ट्रिकल, वर्कशॉप हे बहुतेक सगळ्या ब्रँचना सारखंच. सिनियर सांगतात, जर्नल पूर्ण ठेव, जुने पेपर सोडव, निघून जाशील. पास होण्यापुरता तो सल्ला पुरतो. मला जास्त उपयोग झाला तो प्रत्येक विषय सायकलवर घासून पाहण्याचा.

मेकॅनिक्समध्ये फ्री बॉडी डायग्राम नीट जमला की निम्मा पेपर हातात येतो. वस्तू वेगळी काढायची आणि तिच्यावर बाहेरून लागणारी बलंच दाखवायची. ती इतरांवर लावते ती नाहीत. आता पॅडल मारत असताना दोन्ही चाकांवरच्या घर्षणाची दिशा काढून बघा. मागचं चाक जमिनीला मागे ढकलतं, म्हणून त्याच्यावरचं घर्षण पुढे. पुढचं चाक मात्र नुसतं ओढलं जातं, त्यामुळे तिथे घर्षण मागे. घर्षण नेहमी गतीच्या उलटच असतं, असं बारावीत घोकलेलं असतं. ते इथे मोडतं.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्समध्ये घडवली, एवढं परीक्षेत लिहिता येतं. डेटा टाइपचं, म्हणजे कुठला आकडा किती जागेत ठेवायचा ते आधी सांगण्याचं, प्रकरण का आहे, ते मला आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डावर सायकलचा स्पीडोमीटर करताना कळलं. आऱ्याला चुंबक, फ्रेमला सेन्सर. चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर, म्हणजे ताशी २० किलोमीटरला एक फेरी सुमारे ३८० मिलिसेकंदांची. बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजतो, आताच्या वेळेतून मागच्या फेरीची वेळ वजा केली की फेरीचा काळ मिळतो. ती मागची वेळ ‘इंट’ या पूर्णांकाच्या टाइपमध्ये ठेवली तर अर्धा मिनिट सगळं सुरळीत चालतं आणि मग सायकल जोरात असतानाही वेग जवळपास शून्य! कारण उनोवर इंट दोनच बाइटचा, कमाल ३२,७६७. म्हणजे ३२ सेकंदांनंतर आकडा ऋण होतो आणि वजाबाकी बिघडते. ‘अनसाइन्ड लाँग’ हा मोठा, ऋण न होणारा टाइप लिहिला की प्रश्न मिटतो. लॅबच्या कॉम्प्युटरवर इंट सहसा चार बाइटचा असतो, म्हणून तिथे ही भानगड दिसतच नाही.

ग्राफिक्सला सगळे नाकं मुरडतात. अठराव्या शतकात फ्रान्सच्या गास्पार मोंज यांनी ही प्रक्षेपणाची रीत, म्हणजे वस्तू वरून आणि समोरून जशी दिसते तशी सपाट कागदावर काढण्याची, तटबंदीच्या आखणीसाठी बसवली आणि लष्कराने ती बरीच वर्षं गुपित ठेवली, हे वाचल्यावर माझा जरा आदर वाढला. तिच्या दोन पद्धती. फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू (वरून दिसणारं चित्र) समोरच्या चित्राच्या खाली येतो, थर्ड अँगलमध्ये वर. पाठ करू नका. कागद काटकोनात दुमडा, वर खोडरबर धरा, मग उलगडा. सेन्सर बसवायच्या पट्टीचं ड्रॉइंग मी वर्कशॉपमध्ये दिलं, तेव्हा तिथल्या सरांनी एकही प्रश्न न विचारता पट्टी कापून दिली. मापं लिहिलेली होती, बोलायची गरजच नव्हती.

गणिताला मात्र सायकल लावता आली नाही. आयगेनव्हॅल्यू आणि पार्शल डेरिव्हेटिव्हना रोज पेन घेऊन बसण्यावाचून इलाज नाही. नुसती सोडवलेली उदाहरणं वाचली की सगळं समजल्यासारखं वाटतं, पेपरात हात अडतो.

आवड तांत्रिकच हवी असं अजिबात नाही. फोटो काढत असाल तर अ‍ॅपर्चरचे (लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचे) २, २.८, ४, ५.६ हे आकडे एकमेकांच्या वर्गमूळ दोन पट का आहेत ते शोधा. त्या छिद्राच्या क्षेत्रफळात उत्तर आहे. गिटार वाजवत असाल तर बाराव्या फ्रेटपर्यंतची (मानेवरच्या आडव्या पट्टीपर्यंतची) तार मोजा. जवळपास निम्मी भरेल. मधल्या फ्रेट्सची अंतरं काढायला दोनाचं बारावं मूळ लागतं. ते गणित पुन्हा पुन्हा करणारा लूप सीमध्ये चार ओळींत बसतो.